ब्रँडचा कपडा, कुणाचा कारखाना? परदेशी कंपन्यांचे पुरवठादार आणि तिथले कामगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निर्यातीच्या कपड्यांच्या धंद्यात मी काही वर्षं मर्चंडायझर होते, म्हणजे ब्रँडच्या ऑर्डरी आणि कारखाना यांच्यातली देवघेव सांभाळायचे. हे कळलं की ओळखीचे लोक हमखास काहीतरी विचारतात. कुणी म्हणतं, ‘अमुक ब्रँड चांगला का गं?’ कुणी म्हणतं, ‘काही का असेना, त्या बायांना नोकरी तर मिळते ना?’ उत्तरं एका वाक्यात बसत नाहीत, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत. उदाहरणं मुख्यतः बांगलादेशातली आहेत. कपड्यांच्या निर्यातीवर इतका अवलंबून असलेला दुसरा मोठा देश शेजारी नाही, आणि तिथे जे घडलं त्याची कागदपत्रंही भरपूर आहेत.

ब्रँडचा स्वतःचा कारखाना नसतो का?

बहुतेकांचा नसतो. ब्रँड डिझाइन ठरवतो, ऑर्डर देतो आणि दुकानं चालवतो. शिवून देणारा मालक वेगळा असतो, आणि तो एकाच वेळी पाच-सहा ब्रँडचं काम करत असतो. दोघांच्या मध्ये बऱ्याचदा बायिंग हाउस, म्हणजे ब्रँडच्या वतीने माल बनवून घेणारी मध्यस्थ कंपनी, असतं. कारखान्याने झेपेल त्यापेक्षा जास्त ऑर्डर घेतली की जादा माल एखाद्या लहान कारखान्यात जॉबवर्कला जातो. त्या कारखान्याचं नाव ब्रँडच्या यादीत नसतं.

ढाक्याजवळ आशुलियातल्या ताझरीन फॅशन्सला २४ नोव्हेंबर २०१२ रोजी आग लागली आणि किमान ११२ कामगार गेले. तिथे वॉलमार्टसाठी माल शिवला जात होता. कंपनीचं म्हणणं पडलं की आमच्या पुरवठादाराने परवानगी न घेता तिथे काम दिलं होतं. ते खरंही असेल. पण साखळी इतकी लांब ठेवली की ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे वाक्य केव्हाही हाताशी राहतं.

राणा प्लाझात नेमकं काय झालं होतं?

ढाक्याजवळच्या साभारमधली ही आठ मजली इमारत होती. खाली दुकानं आणि एक बँक, वर पाच कपडे कारखाने. वरचे मजले बेकायदा चढवलेले होते आणि वर जड जनरेटर बसवले होते. २३ एप्रिल २०१३ ला खांबांना तडे गेलेले दिसले. पाहणी करणाऱ्या अभियंत्याने इमारत धोक्याची असल्याचं सांगितलं. बँकेने आपली माणसं काढून घेतली आणि दुकानं बंद राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यांचे कामगार बाहेर उभे होते, आत जायला तयार नव्हते. त्यांना आत पाठवण्यात आलं. आला नाहीत तर महिन्याचा पगार कापू, असं कित्येकांना सांगितलं गेलं. नऊच्या सुमाराला वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि काही क्षणांत इमारत खाली बसली. १,१३४ मृत्यू झाले आणि सुमारे अडीच हजार माणसं जखमी झाली.

ही गोष्ट ‘इमारत पडली’ एवढ्यावर संपत नाही. एकाच इमारतीत, एकाच तड्याकडे बघून बँकेचा कर्मचारी घरी गेला आणि शिलाईवाली आत गेली. बँकेला एक दिवस बंद ठेवणं परवडत होतं. कारखान्याच्या डोक्यावर जहाजाची तारीख होती, आणि शिलाईवालीच्या पाठीशी युनियन नव्हती. त्या पाच कारखान्यांपैकी एकाही ठिकाणी ‘आम्ही आत जाणार नाही’ असं सगळ्यांच्या वतीने सांगू शकणारी संघटना नव्हती.

इमारतमालक सोहेल राणा चार दिवसांनी भारताच्या सीमेवर बेनापोलला पकडला गेला. खुनाच्या खटल्याचा निकाल दहा वर्षं उलटली तरी लागला नव्हता.

भरपाई मिळाली का?

मिळाली, पण रडतखडत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या देखरेखीखाली ३ कोटी डॉलरचा निधी उभा करायचं ठरलं. तो पुरा भरायला जून २०१५ उजाडला. बेनेटनने सुरुवातीला आमचा तिथे संबंधच नाही म्हणून हात वर केले होते. ढिगाऱ्यात त्यांची लेबलं सापडल्यावर भूमिका बदलली. पुढे २०२२ मध्ये बांगलादेशात कामावरच्या अपघातांसाठी विम्यासारखी योजना प्रायोगिक पातळीवर सुरू झाली. त्यामुळे दर वेळी देणगीदारांच्या दारात उभं राहण्याची गरज थोडी तरी कमी झाली.

अशा कारखान्यांचं ऑडिट होतं ना? मग ते कुणाच्याच लक्षात कसं येत नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि घोडं पेंड खातं ते इथेच.

राणा प्लाझातल्या दोन कारखान्यांची युरोपीय कंपन्यांच्या बीएससीआय या पद्धतीने तपासणी झालेली होती. नंतर खुलासा आला की या तपासणीत इमारतीची मजबुती बघितलीच जात नाही. कराचीतलं उदाहरण तर अंगावर येणारं आहे. बल्दिया टाऊनमधल्या अली एंटरप्रायझेसला ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागली आणि २५० हून अधिक माणसं गेली. खिडक्यांना गज होते आणि बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. या कारखान्याला एसए ८००० हे कामगारहिताचं नावाजलेलं प्रमाणपत्र जेमतेम काही आठवड्यांपूर्वी मिळालं होतं. पुढे पाकिस्तानातल्या न्यायालयाने ही आग खंडणीसाठी लावली गेल्याचा निकाल दिला आणि २०२० मध्ये शिक्षा सुनावल्या. आग कुणी लावली याचं उत्तर त्यातून मिळालं. माणसांना बाहेर का पडता आलं नाही याचं उत्तर मात्र त्या प्रमाणपत्राशेजारी ठेवूनच वाचावं लागतं.

ऑडिटचा दिवस कसा असतो ते सांगते. तारीख बहुधा आधीच कळलेली असते, आणि ‘अचानक भेट’ असली तरी आठवडा कुठला ते माहीत असतं. ऑडिटरची गाडी गेटवर लागली की फ्लोअरवर निरोप जातो. अग्निशमन सिलिंडरसमोर रचलेले कापडाचे गठ्ठे हलतात आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्या पुन्हा दिसू लागतात. शिलाई मशिनींवर सुईपासून बोट वाचवणारे गार्ड परत चढतात, कारण एरवी वेग कमी होतो म्हणून बायांनीच ते काढून ठेवलेले असतात. कटिंग मास्तर जाळीचा हातमोजा घालतो. पाळणाघरातली खेळणी कपाटातून बाहेर येतात. सुपरवायझर ओळीतून फिरत सांगतो, कुणी विचारलं तर ओव्हरटाइम दोनच तास म्हणायचं. हजेरीच्या दोन वह्या असतात. एक पगाराची आणि एक दाखवायची.

ऑडिटर मूर्ख असतो असं नाही. बऱ्याच जणांना दुसऱ्या वहीचा वास येतो. पण त्याच्या हातात एक-दोन दिवस असतात, फी अनेकदा कारखान्यानेच भरलेली असते, आणि कामगारांशी बोलायचं ते मॅनेजरच्या केबिनशेजारच्या खोलीत. अशा ठिकाणी कोण मोकळेपणी बोलेल?

म्हणजे ऑडिट निरुपयोगीच?

तसं नाही. पिण्याचं पाणी, संडास, प्रथमोपचार पेटी, लहान मुलं कामावर आहेत का, या उघड दिसणाऱ्या गोष्टी ऑडिटमुळे सुधारल्या आहेत. ओव्हरटाइम, शिवीगाळ, लैंगिक छळ आणि युनियन करू पाहणाऱ्याला काढून टाकणं या गोष्टी ऑडिटला जवळपास कधीच सापडत नाहीत. त्या रोज तिथे असणाऱ्या माणसालाच दिसतात.

बांगलादेशात पगार किती मिळतो? कायद्याने ठरवला तेवढा दिला तर चूक काय?

कपडे उद्योगातलं किमान वेतन २०१० मध्ये महिना ३,००० टाका (बांगलादेशाचं चलन) होतं. राणा प्लाझानंतर ते ५,३०० झालं, डिसेंबर २०१८ पासून ८,००० आणि डिसेंबर २०२३ पासून १२,५००. शेवटच्या वाढीच्या वेळी कामगार संघटना २३,००० मागत होत्या. रस्त्यावर आंदोलनं झाली, त्यांत कामगारांचे जीवही गेले.

आता या १२,५०० चं पोट उघडून बघा. त्यात मूळ वेतन ६,७०० आहे आणि बाकी घरभाडं, औषधपाणी, प्रवास, जेवण असे भत्ते. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट, पण दुप्पट मूळ वेतनाच्या. महिन्याचे २०८ तास धरले तर ओव्हरटाइमचा तास साधारण ६४ टाक्यांना पडतो आणि नेहमीचा तास सगळे भत्ते धरून ६० टाक्यांना. कागदावर दुप्पट असलेला दर हातात येताना चारच टाके जास्त असतो. मालकाच्या दृष्टीने नवी माणसं घेण्यापेक्षा आहेत त्यांनाच रात्री नऊपर्यंत बसवणं सोपं पडतं, आणि दराचा कायदा कुठेही मोडलेला नसतो. कामगारही ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही, कारण नुसत्या पगारात ढाक्यात खोलीचं भाडं देऊन घरी पैसे पाठवणं होत नाही.

पण कारखान्याचा मालक स्थानिक, सरकार स्थानिक, लाच घेणारा अधिकारीही स्थानिक. ब्रँडला कशाला धरायचं?

स्थानिक मालकाला आणि सरकारला सोडा असं कुणीच म्हणत नाही. बांगलादेशाच्या संसदेत कपडे कारखानदारांचं वजन किती होतं हे तिथल्या पोरालाही ठाऊक आहे. पण मी टेबलाच्या ज्या बाजूला बसायचे तिथून दिसलेलं सांगते.

शर्टाचं कॉस्टिंग करताना कापडाचा भाव कापसावर ठरतो. बटणं, लेबल, झिप कुठून घ्यायची ते बरेचदा ब्रँडच सांगतो, त्यामुळे त्यांचे भाव हलत नाहीत. वाहतूक आणि बँकेचं व्याजही हलत नाही. मग ‘अजून पंधरा सेंट कमी करा, नाहीतर व्हिएतनामचं कोटेशन तयार आहे’ असं समोरून आलं की कमी करायला एकच ओळ उरते, ती म्हणजे शिलाईची. त्या ओळीत वीज आणि मालकाचा नफा जसा असतो तसा पगारही असतो.

दुसरा प्रकार तारखांचा. रंगाचा नमुना मंजूर करायला ब्रँडच्या ऑफिसात दहा दिवस जास्त लागतात, मग कुणाच्या तरी मनात येतं की कॉलर बदलू या. जहाजाची तारीख मात्र तीच राहते. उशीर झाला तर माल स्वतःच्या खर्चाने विमानाने पाठवा, नाहीतर डिस्काउंट द्या. विमानाच्या भाड्यात अख्ख्या ऑर्डरचा नफा जातो. असे बुडालेले दहा दिवस शेवटी शिलाईच्या लाइनवर रात्री भरून काढले जातात. तेच ब्रँड त्याच कारखान्यात ऑडिटर पाठवून विचारतात, ओव्हरटाइम जास्त का?

पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे मार्क अ‍ॅनर यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की राणा प्लाझानंतरच्या काही वर्षांत बांगलादेशी कारखान्यांना मिळणारा भाव १३ टक्क्यांनी उतरला होता. सुरक्षेचा खर्च याच काळात वाढत होता. मार्च २०२० मध्ये कोविड आला तेव्हा ३ अब्ज डॉलरच्या आसपासच्या ऑर्डरी रद्द किंवा स्थगित झाल्याचं तिथल्या कारखानदारांच्या संघटनेने सांगितलं. त्यांत शिवून तयार असलेला मालही होता. नैतिकतेच्या सगळ्या आचारसंहिता वेबसाइटवर जशाच्या तशा होत्या. माझं मत विचाराल तर एखाद्या ब्रँडची नीतिमत्ता त्याच्या आचारसंहितेत शोधू नये, खरेदी विभागाच्या ईमेलमध्ये शोधावी.

हे कारखाने नसते तर त्या बायांना काय मिळालं असतं?

प्रश्न रास्त आहे आणि तो झटकून टाकू नये. बांगलादेशात सुमारे ४० लाख माणसं या उद्योगात आहेत, त्यांत बहुसंख्य बायका. देशाच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून जास्त वाटा कपड्यांचा आहे. गावाकडच्या मुलीच्या हातात स्वतःचा पगार आला, लग्नं लांबली, मुली शाळेत जास्त वर्षं राहिल्या. हे सगळं खरं आहे.

पण नोकरी हवी की सुरक्षित जिना, असा सौदा कुणी मांडला की सावध व्हावं. जिन्याचं कुलूप उघडं ठेवायला शर्टामागे काही पैसेसुद्धा लागत नाहीत.

मग त्या ब्रँडवर बहिष्कार टाकावा का?

सरसकट नको. १९९२ मध्ये अमेरिकी सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरीतून आलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारं विधेयक मांडलं. ते मंजूर झालंच नाही. पण नुसत्या धास्तीने बांगलादेशी कारखान्यांनी हजारो मुलांना, त्यांतही मुलींना, एका झटक्यात काढून टाकलं. युनिसेफने नंतर पाहिलं तेव्हा त्यांतली कित्येक खडी फोडण्यासारख्या आणखी वाईट कामांत गेलेली होती. म्हणून १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी करार केला. मुलांना काढण्याआधी शाळेत घालायचं आणि घरी थोडा भत्ता द्यायचा, असं त्यात ठरलं.

तिथले कामगार स्वतःच बहिष्कार मागत असतील तर गोष्ट वेगळी. सक्तीच्या मजुरीचा आरोप असलेल्या, चीनच्या शिनजियांगमधल्या कापसाबाबत अमेरिकेने जून २०२२ पासून कायद्यानेच दार लावलं. तिथे कामगाराला स्वतंत्रपणे बोलताच येत नसल्यामुळे आत शिरून सुधारणा करण्याचा मार्गच बंद आहे.

‘अकॉर्ड’ म्हणजे काय? त्याने काही बदललं का?

बदललं. मे २०१३ मध्ये झालेला हा अग्नी आणि इमारत सुरक्षेचा करार ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यातला आहे, आणि तो कायद्याने बांधून घेणारा आहे. यथावकाश २०० हून जास्त ब्रँडनी सह्या केल्या आणि सुमारे १,६०० कारखाने त्याखाली आले. अभियंत्यांनी खांब तपासले, तपासणीचे अहवाल नावानिशी इंटरनेटवर टाकले. कुलूप लागणारी दारं आणि सरकते लोखंडी गेट काढून आगीला टिकणारी दारं बसवली. जो कारखाना दुरुस्ती करणार नाही त्याच्याशी सगळ्याच सही केलेल्या ब्रँडनी व्यवहार थांबवायचा. कामगाराला धोक्याच्या इमारतीत शिरायला नकार देण्याचा हक्क मिळाला, आणि तक्रारीसाठी कारखान्याबाहेरचा फोन.

जुन्या ऑडिटपेक्षा फरक इथे आहे. ब्रँडने शब्द मोडला तर त्याला लवादासमोर खेचता येतं, आणि दोन ब्रँडना संघटनांनी हेगमध्ये खेचलंही. २०१८ मध्ये त्यांतल्या एकाने सुमारे २३ लाख डॉलर देऊन तडजोड केली. वॉलमार्ट आणि गॅप यांना हे बंधन नको होतं. त्यांनी ‘अलायन्स’ नावाची स्वतःची वेगळी चूल मांडली.

२०२० पासून बांगलादेशातलं रोजचं काम तिथल्याच एका परिषदेकडे गेलं. तिच्यात कारखानदारही बसतात, आणि तेव्हापासून धार कमी झाल्याची संघटनांची तक्रार आहे. २०२३ पासून असाच करार पाकिस्तानातही लागू झाला. पगार मात्र अकॉर्डच्या कक्षेत कधीच नव्हता. इमारती बऱ्याच भक्कम झाल्या. पगाराचं वर सांगितलंच आहे.

परदेशात आता कायदे झाले आहेत ना?

झाले आहेत. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर पुरवठादारांकडच्या धोक्यांची जबाबदारी टाकली. जर्मनीचा कायदा जानेवारी २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मोठा निर्देश मंजूर केला आणि वर्षभरातच तो सैल करून पुढे ढकलायची घाई सुरू केली. कराचीच्या आगीतल्या कुटुंबांनी जर्मन खरेदीदार किक कंपनीविरुद्ध डॉर्टमुंडच्या न्यायालयात दावा लावला होता, तो २०१९ मध्ये मुदत उलटल्याच्या कारणावरून फेटाळला गेला. नव्या कायद्यांची परीक्षा अशा दाव्यांतच होईल.

हे सगळं बाहेरच्या देशांतलं. भारतात ठीक आहे का?

नाही. आपणही कुणाचे तरी परदेशी पुरवठादार आहोतच.

तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ या गोंडस नावाखाली कोवळ्या मुलींना तीन वर्षं हॉस्टेलमध्ये ठेवून शेवटी हुंड्यापुरती एकरकमी रक्कम द्यायची पद्धत होती. मध्येच सोडलं तर ती रक्कम बुडायची. दिंडिगुल जिल्ह्यात जानेवारी २०२१ मध्ये एका दलित कामगार तरुणीचा तिच्याच सुपरवायझरने खून केला. त्यानंतर दलित स्त्रियांच्या पुढाकाराने चालणारी स्थानिक युनियन, कारखानदार आणि एचअँडएम यांच्यात एप्रिल २०२२ मध्ये दिंडिगुल करार झाला. लैंगिक छळाची तक्रार ऐकायला लाइनवरच्या बायकांमधूनच प्रतिनिधी नेमायचे आणि कारखान्याने ऐकलं नाही तर ब्रँडने ऑर्डर रोखायची, हे त्यात लिहिलेलं आहे. माझ्या माहितीत भारतातलं हे सगळ्यात दमदार पाऊल.

आणि महाराष्ट्राचं म्हणाल तर बीडकडे बघा. न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी मार्च २०२४ मध्ये छापलेल्या शोधवृत्तात कोका-कोला आणि पेप्सिको यांच्यापर्यंत जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या साखरेची साखळी उलटी फिरून ऊसतोडीच्या फडापर्यंत नेली होती. फडातलं चित्र आपल्याला नवं नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत गाव गाठायचं नाही. एक दिवस काम चुकलं की खाड्याचे पैसे भरायचे. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही म्हणून गर्भाशयच काढून टाकलेल्या बायका बीडमध्ये गावोगाव आहेत. राज्य सरकारच्या २०१९ च्या समितीने ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा अशा शस्त्रक्रिया झालेल्या १३ हजारांहून अधिक निघाल्या. साखर कारखान्याच्या हजेरीपटावर यांतल्या एकीचंही नाव नसतं. ती मुकादमाची माणसं. ताझरीनच्या जॉबवर्कसारखंच हे, फक्त मराठीत.

महाग ब्रँड घेतला तर निदान मन साफ राहील का?

किमतीवरून काही कळत नाही. एकाच लाइनवर सकाळी स्वस्त आणि दुपारी महाग माल निघतो. जास्तीचे पैसे बहुतेक करून जाहिरात, दुकानाचं भाडं आणि नफा यांतच जातात.

मी छोटा व्यापारी आहे, चीन किंवा बांगलादेशातून माल मागवतो. मी काय बघू?

तुम्ही ऑडिट कंपनी नेमावी अशी अपेक्षा कुणी करत नाही. पण भाव पाडताना समोरच्याने चटकन होकार दिला तर माल तिथेच बनणार का, हे विचारा आणि जॉबवर्कला बाहेर द्यायचा नाही असं ऑर्डरमध्ये लिहून घ्या. जमलं तर एकदा स्वतः जा, आणि ऑफिसातल्या चहाआधी जिना बघा. मागचं दार उघडतं का ते स्वतः ढकलून पाहा. जाताना संध्याकाळी सात-आठनंतरची वेळ निवडा, म्हणजे ओव्हरटाइम विचारावा लागत नाही. आणि आपली बाजूही सांभाळा. ॲडव्हान्स वेळेवर द्या, नमुना मंजूर करायला लावलेले दिवस डिलिव्हरीच्या तारखेत मिळवा. शेअर बाजारातल्या मोठ्या भारतीय कंपन्यांना सेबीच्या नियमांमुळे आता स्वतःच्या कामगारांबद्दल दर वर्षी माहिती द्यावी लागते, त्यामुळे त्यांना माल देत असाल तर हे प्रश्न तुमच्याही दारात येणारच.

ग्राहक म्हणून ब्रँडला काय विचारावं?

‘तुम्ही नैतिक आहात का?’ असं विचारलं तर चकचकीत अहवालाची लिंक येईल. त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा: कारखान्यांची नावं-पत्ते जाहीर आहेत का, अकॉर्डवर सही आहे का, आणि २०२० मध्ये रद्द केलेल्या ऑर्डरींचे पैसे दिले का. नायकेने २००५ मध्ये आपल्या कारखान्यांची यादी उघड केली तेव्हा स्पर्धक नमुने पळवतील अशी भीती घातली जात होती. धंदा काही बुडाला नाही. आज ‘ओपन सप्लाय हब’ या मोफत संकेतस्थळावर ब्रँडचं नाव टाकलं की त्याने जाहीर केलेले कारखाने नकाशावर दिसतात. ज्याचा एकही दिसत नाही, त्याला पहिला प्रश्न तोच विचारावा.